मोटार लाइफबोटींना एवढा उशीर का लागला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या, हौशी श्रीमंतांच्या मोटार-होड्या नद्यांवर फिरू लागल्या, आणि तरीही वादळात सापडलेल्या जहाजांकडे धावणाऱ्या लाइफबोटी पुढे कित्येक वर्षे वल्ह्यांवर आणि शिडांवरच का चालत राहिल्या? ज्या कामात ताकदीची सर्वांत जास्त गरज, तेथेच इंजिन इतके उशिरा का पोहोचले? जहाजांच्या इंजिनरूममध्ये आणि नंतर लहान नौकांच्या इंजिनांच्या दुरुस्तीत माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत, त्यामुळे मी या प्रश्नाकडे तेलाने माखलेल्या हातांच्या माणसासारखाच पाहणार. तसे पाहिले तर उशीर झाला याचे मला नवल वाटत नाही. १९०४ सालच्या इंजिनावर भरवसा टाकून माणसे वादळात गेलीच कशी, याचे मात्र वाटते.

आधी एक खुलासा करतो, कारण आपल्याकडे ‘लाइफबोट’ म्हटले की मोठ्या जहाजाच्या बाजूला टांगलेली होडी डोळ्यांसमोर येते. ती बुडत्या जहाजातून बाहेर पडण्यासाठी असते. येथे विषय आहे तो किनाऱ्यावर सज्ज ठेवलेल्या आणि बुडत्या जहाजाकडे जाणाऱ्या नौकेचा. पहिलीला जहाजापासून दूर जायचे असते, दुसरीला वाऱ्याच्या आणि लाटांच्या विरुद्ध जाऊन त्याच जहाजाला भिडायचे असते. इंजिनाची सगळी कथा या दुसऱ्या कामातून उभी राहते.

या कामाच्या जुन्या आणि नीट नोंदलेल्या परंपरांपैकी एक ब्रिटनची आहे. सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने मार्च १८२४ मध्ये तेथे एक संस्था स्थापन झाली, जी १८५४ पासून रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या नावाने ओळखली जाते. ती लोकांच्या देणग्यांवर चालते, आणि नौकेवर जाणारे लोक बहुतांशी त्याच गावचे मच्छीमार असत. १८५१ मध्ये नॉर्थम्बरलँडच्या ड्यूकने उत्तम लाइफबोटीच्या आराखड्यासाठी बक्षीस जाहीर केले, तेव्हा २८० नमुने आले. ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंग यांचा नमुना पहिला ठरला आणि जेम्स पीक यांनी त्यात सुधारणा करून जी नौका तयार केली, तीच पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. तिचे वैशिष्ट्य असे, की ती उलटली तरी आपोआप सुलटी होई. दोन्ही टोकांना उंच हवाबंद पेट्या आणि तळाला जड लोखंडी कणा असल्यामुळे ती उलट्या स्थितीत स्थिर राहूच शकत नसे. काही सेकंदांत ती सुलटी होई आणि आत आलेले पाणी तळातील झडपांच्या नळ्यांतून निघून जाई. हा गुण लक्षात ठेवावा, कारण इंजिनाची गाठ पडली ती नेमकी याच गुणाशी.

आता ताकदीचा हिशेब पाहू. सराईत माणूस तासन्‌तास वल्हे मारत असेल, तर तो साधारण एक-दशांश अश्वशक्ती देतो. काही मिनिटे जीव तोडून ओढले, तर त्याच्या तिप्पट. म्हणजे बारा वल्ह्यांच्या नौकेत सलग मिळणारी शक्ती सव्वा अश्वशक्तीच्या आसपास आणि अगदी निकराच्या क्षणी तीन-चार अश्वशक्ती. समोरून वादळी वारा, अंगावर फुटणाऱ्या लाटा, भिजून जड झालेले कपडे आणि बधिर झालेली बोटे, हे सगळे या हिशेबात धरलेलेच नाही. जहाज खडकावर चढते ते बहुधा वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे असताना, म्हणजे लाइफबोटीला किनारा सोडायचा तोच वाऱ्याच्या तोंडावर. कितीतरी वेळा नौका सुखरूप तरंगत असे, माणसे धडधाकट असत, जहाज डोळ्यांसमोर असे, आणि तरीही तेवढे अंतर कापता येत नसे. शिवाय जहाजापाशी पोहोचल्यावरही वल्हवणाऱ्यांना थेट भिडता येत नसे. वाऱ्याच्या बाजूला दूर नांगर टाकायचा, त्याचा दोर सोडत सोडत मागे सरकत जहाजाजवळ यायचे, आणि माणसे उतरवून घेतली की तोच दोर ओढत परत वर जायचे. दोर तुटला की नौका खडकावर.

ताकद हवी हे संस्थेला कळत नव्हते असे अजिबात नाही. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर साउथपोर्टजवळ ‘मेक्सिको’ नावाचे जर्मन जहाज अडकले. तीन ठिकाणांहून तीन लाइफबोटी निघाल्या. लिथमच्या नौकेने जहाजावरचे बाराही जण वाचवले, पण साउथपोर्ट आणि सेंट ॲन्स येथील नौकांवरचे मिळून २७ लाइफबोटवाले बुडाले. या धक्क्यानंतर आराखड्यांचा नव्याने विचार सुरू झाला, १८८७ मध्ये जॉर्ज लेनक्स वॉटसन हे नामांकित नौकारचनाकार संस्थेचे सल्लागार झाले, आणि वाफेवर चालणाऱ्या लाइफबोटीची कल्पना गंभीरपणे पुढे आली.

अशी पहिली नौका, ‘ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँड’, १८९० मध्ये हॅरिच बंदरात दाखल झाली. ती सुमारे ५० फूट लांब होती आणि तिला पाण्याखाली फिरून नौका पुढे ढकलणारा पंखाच नव्हता. बुडत्या जहाजाभोवती दोर, शिडे, मोडक्या डोलकाठ्या तरंगत असतात. पंख्यात एक दोर गुंडाळला की नौका पांगळी होते. म्हणून वाफेच्या शक्तीने पंप फिरवून समुद्राचे पाणी आत ओढायचे आणि बाजूच्या तोंडांतून जोराने बाहेर फेकायचे, अशी योजना होती. आजच्या जेट-बोटीचे हे पूर्वरूप मला नेहमीच फार देखणे वाटत आले आहे. वेग सुमारे ९ नॉट, म्हणजे ताशी ९ सागरी मैल मिळे. तरीही संस्थेने वाफेच्या एकूण सहाच लाइफबोटी बांधल्या. कारणे साधी आहेत. बॉयलरात पाणी तापून वाफ तयार होईपर्यंत थांबावे लागे. नौका इतकी जड की ती कायम खोल बंदरात तरंगती ठेवावी लागे, आणि बहुतेक लाइफबोटी तर उघड्या वाळूवरून चाकांच्या गाड्यावर ठेवून पाण्यात ढकलल्या जात. शिवाय बॉयलर घेऊन उलटलेली नौका सुलटी होणे अशक्य. एप्रिल १९०० मध्ये कॉर्नवॉलमधील पॅडस्टो येथे वाफेची ‘जेम्स स्टीव्हन्स नंबर ४’ उलटली आणि तिच्यावरील अकरापैकी आठ जण गेले. इंजिनरूममध्ये बंद असलेल्यांना तर बाहेर पडायची संधीच नव्हती.

पेट्रोल इंजिन हलके होते, ते क्षणात सुरू होई आणि त्याला बॉयलर लागत नसे. पहिला यशस्वी प्रयोग मात्र ब्रिटनमध्ये झाला नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील मार्केट या गावी, सुपीरियर सरोवराच्या काठी, १८९९ मध्ये ३४ फुटी लाइफबोटीत १२ अश्वशक्तीचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवले गेले आणि लेफ्टनंट मॅक्‌लेलन यांच्या देखरेखीखाली त्याच्या चाचण्या झाल्या. सरोवर म्हटले तरी सुपीरियरचा नोव्हेंबर महिना एखाद्या महासागराला लाजवणारा असतो, त्यामुळे ही चाचणी नावापुरती नव्हती. अमेरिकेची जीवरक्षक सेवा सरकारी होती, केंद्रांवर पगारी माणसे असत, आणि म्हणून निर्णय झाला की तो खाली झिरपायला वेळ लागत नसे. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी जुन्या नौकांत इंजिने बसवली आणि नंतर ३६ फुटी मोटार लाइफबोटीचा असा नमुना पक्का केला, की त्याचे वारस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कामावर होते.

ब्रिटनने १९०४ मध्ये जुनीच नौका निवडली. ‘जे. मॅकॉनेल हसी’ ही १८९३ मध्ये बांधलेली, ३८ फुटी, बारा वल्ह्यांची, आपोआप सुलटी होणारी लाइफबोट फोकस्टनहून आणून आयल ऑफ वाइटवरील काउझ येथे तिच्यात फे अँड बोवेन कंपनीचे दोन सिलिंडरांचे, ९ अश्वशक्तीचे इंजिन बसवले गेले. ९ अश्वशक्ती म्हणजे आज एखाद्या बऱ्यापैकी स्कूटरची ताकद. वेग मिळाला सुमारे ६ नॉट. पण वरचा हिशेब आठवा: बारा माणसांच्या सलग श्रमाच्या सात-आठ पट शक्ती, आणि तीही न थकणारी.

आता उशिराच्या खऱ्या कारणाकडे येतो. १९०४ चे पेट्रोल इंजिन कोरड्या रस्त्यावरही लहरी होते, आणि लाइफबोटीत त्याला ज्या ज्या गोष्टी सहन होत नाहीत, नेमक्या त्याच रोज भोगायच्या होत्या. ठिणगीवर चालणाऱ्या इंजिनाला ओल वर्ज्य असते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने तारेवर किंवा प्लगवर त्याचा हलका थर बसला तरी प्रवाह भलतीकडे पळतो आणि ठिणगी पडतच नाही. कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी तरंगत्या गोळ्यावर ठरते. नौका पुढून वर उचलली जाऊन मागून आदळू लागली, की कधी इंजिन पेट्रोलने तुंबते, कधी उपाशी राहते. वंगणाचे तेल तळाच्या कढईत साठलेले असते आणि ते फिरत्या भागांनी उडवायचे असते. नौका एका बाजूला कलती राहिली तर तेल त्या बाजूला जमते आणि पलीकडची बेअरिंगे कोरडी पडतात. थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी आत घ्यायचे, तर किनाऱ्यावरून निघताना त्याबरोबर वाळू येते आणि पंप तुंबतो. लाटेच्या माथ्यावर पंखा पाण्याबाहेर आला, की इंजिनावरचा भार एकाएकी नाहीसा होऊन ते पिसाटासारखे फिरते, आणि पंखा पुन्हा पाण्यात आपटला की दांड्याला असा हिसका बसतो, की तो तुटला नाही तर आपले नशीब समजावे. या सगळ्याच्या जोडीला पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साठून राहते, आणि तेथे एक ठिणगी पुरते.

यातली प्रत्येक अडचण सुटी घेतली तर तिचा उपाय त्या काळीही माहीत होता. लाइफबोटीत त्या सर्व एकाच वेळी, अंधारात, हात गोठवणाऱ्या थंडीत येत, आणि इंजिन बंद पडले तर त्याचा परिणाम रस्त्याच्या कडेला गाडी उभी करण्याइतका सौम्य नसे. म्हणून त्या आराखडाकारांनी इंजिनाभोवती जे कवच रचले, ते मला इंजिनापेक्षाही मोठे काम वाटते. इंजिन पूर्णपणे जलरोधक पेटीत बंद करायचे, पण त्याला श्वास घ्यायला हवा मात्र मिळाली पाहिजे, म्हणून हवेची वाट अशी वळवायची की लाट आत शिरता कामा नये. पंखा तळाखालच्या बोगद्यासारख्या खोबणीत बसवायचा, म्हणजे वाळूवर आपटला तरी तो मोडत नाही, दोर सहसा त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि तो पाण्याबाहेरही कमी येतो. वेगावर नियंत्रक ठेवायचा. आणि एक सोय तर अशी, की ती सुचायला समुद्रावर माणसे गमावलेली असावी लागतात: नौका उलटली की ठिणगीचा प्रवाह आपोआप तुटून इंजिन बंद पडले पाहिजे. कारण नौका काही सेकंदांत सुलटी होणार, माणसे मात्र पाण्यात असणार. अशा वेळी इंजिन चालूच राहिले, तर ती रिकामी नौका आपल्याच माणसांना समुद्रात सोडून निघून जाईल.

सुलटे होण्याच्या गुणाचे काय, हाही प्रश्न होताच. इंजिनासाठी जागा करायची म्हणजे काही हवाबंद पेट्या काढायच्या आणि नको तेथे वजन वाढवायचे. म्हणून नौकेला गोदीत क्रेनने मुद्दाम उलटी करून ती सुलटी होते की नाही हे पाहायची जी पद्धत होती, ती मोटार लाइफबोटींसाठी अधिकच मोलाची ठरली. काढलेल्या पेट्यांवर युक्ती अशी होती, की इंजिनाची जलरोधक पेटीच नौका तरंगती ठेवणाऱ्या पेट्यांपैकी एक मानून आकडेमोड करायची.

१९०५ मध्ये ‘जे. मॅकॉनेल हसी’ ईशान्य इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या मुखाशी असलेल्या टाइनमथला पाठवली गेली, आणि तेथे गाठ पडली ती यंत्राशी नव्हे, माणसांशी. स्थानिक लाइफबोटवाल्यांनी या नव्या नौकेला हात लावायची तयारी दाखवली नाही. याला अडाणीपणा म्हणण्याची घाई करू नये. वल्हे मोडले तर दुसरे असते, शीड फाटले तर बांधता येते, या दोन्हींचा स्वभाव त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक होता. पेट्रोलची पेटी का बंद पडली हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हते. माझ्या सुरुवातीच्या काळात कोकण किनाऱ्यावर इंजिनाच्या होड्या चांगल्या रुळलेल्या होत्या, तरीही एका म्हाताऱ्या तांडेलांनी होडीत शीड आणि काठी न चुकता ठेवलेली मी पाहिली आहे. मी हसलो, तेव्हा ते म्हणाले, “इंजिनाला वारा कळत नाही, पोरा.” त्यांना काय म्हणायचे होते, ते मला पुढे भर पावसाळ्यात खाडीच्या तोंडावर बंद इंजिनाशी झुंजताना समजले.

टाइनमथची कोंडी फोडली ती तेथे तैनात असलेल्या रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन एच. ई. बर्टन यांनी. यंत्राची आवड असलेल्या या लष्करी अधिकाऱ्याने इंजिनाची जबाबदारी स्वतः घेतली, स्वयंसेवक जमवले, आणि रॉबर्ट स्मिथ या मुरलेल्या सुकाणूधारकाबरोबर त्यांची अशी जोडी जमली, की समुद्र एकाने वाचायचा आणि इंजिन दुसऱ्याने. मोटार लाइफबोटींच्या इतिहासातला खरा शोध मला हाच वाटतो. वल्ह्यांच्या नौकेवर सगळे एकाच विद्येचे होते. आता पहिल्यांदा त्यात एक असा माणूस बसला, ज्याची विद्या इतरांना येत नव्हती आणि ज्याच्या भरवशावर इतरांचा जीव होता. संस्थेने पुढे मोटार लाइफबोटीच्या प्रत्येक केंद्रावर पगारी मेकॅनिक नेमण्याची पद्धत रूढ केली, आणि स्वयंसेवेवर उभ्या असलेल्या संस्थेच्या दृष्टीने तो लहान बदल नव्हता. रोज इंजिन फिरवून पाहणे, प्लग पुसणे, तेल बदलणे हे काम उत्साहावर सोडता येत नाही. त्याला नेमलेला माणूसच लागतो.

जुन्या नौकांत इंजिन बसवण्याचे आणखी काही प्रयोग झाल्यावर, १९०८-०९ च्या सुमारास मुळातच मोटारीसाठी आखलेल्या लाइफबोटी पूर्व लंडनच्या टेम्स आयर्नवर्क्समध्ये बांधल्या जाऊ लागल्या. १९०९ मध्ये ऑर्कनी बेटांवर स्ट्रॉमनेस आणि स्ट्रॉन्से येथे, तसेच वेल्समध्ये फिशगार्डला अशा नौका दाखल झाल्या. मात्र शिडे आणि वल्ही या सर्वांवर होतीच, आणि इंजिन ‘साहाय्यक’ मानले जाई.

‘साहाय्यक’ हा शब्द किती जुना झाला आहे, हे ऑक्टोबर १९१४ च्या शेवटच्या दिवसांत व्हिटबी या यॉर्कशरच्या बंदरात दिसले. ‘रोहिला’ हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे प्रवासी जहाज. पानिपतामुळे मराठी वाचकाला रोहिले परके नाहीत. जहाजाला नाव त्यांचेच होते, आणि कंपनीचा जन्म १८५६ मध्ये कलकत्त्याच्या व्यापारासाठी झाला होता. बेलफास्टला १९०६ मध्ये बांधलेले हे जहाज युद्ध सुरू होताच रुग्णालय-जहाज झाले होते आणि जखमी सैनिकांना आणण्यासाठी डंकर्ककडे निघाले होते. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे विझवलेले होते. ३० ऑक्टोबरच्या पहाटे, वादळात, ते व्हिटबीच्या दक्षिणेला खडकांवर चढले आणि मोडू लागले. जहाजावर २२९ माणसे होती आणि किनारा जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर.

पुढचे दोन दिवस वल्ह्यांच्या युगाची परीक्षा होती. व्हिटबीच्या लोकांनी ‘जॉन फील्डन’ ही लाइफबोट खडकांवरून हातांनी ओढत नेऊन जहाजासमोर पाण्यात ढकलली. या ओढाओढीत तिच्या तळाला भोके पडली, तरी टॉमस लँगलंड्स यांच्या सुकाणूखाली ती दोनदा जहाजापर्यंत गेली, पहिल्या फेरीत १७ आणि दुसऱ्या फेरीत १८ जणांना घेऊन आली, आणि त्यानंतर तिच्यात काही उरले नाही. पहिल्या फेरीत जहाजावरच्या स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या मेरी रॉबर्ट्स या दोनच वर्षांपूर्वी ‘टायटॅनिक’वरूनही वाचलेल्या होत्या. जवळच्या अपगँगची नौका जमिनीवरून आणून उंच कड्यावरून दोरांनी खाली उतरवली गेली, पण समुद्राने तिला जाऊ दिले नाही. स्कारबरोची वल्ह्यांची नौका दुसऱ्या बोटीने ओढत आणली. रात्रभर थांबूनही ती जहाजाजवळ पोहोचू शकली नाही. मग टीझ नदीच्या मुखावरून मोटार लाइफबोट निघाली, आणि तीही वाटेतच एवढी गळू लागली की तिला परत न्यावे लागले. मोटारीचे गुणगान करताना ही शेवटची गोष्ट बहुधा गाळली जाते. ती गाळू नये; मोटार म्हटले की काम फत्ते, असे १९१४ मध्ये कोणालाही म्हणता आले नसते.

शनिवारी, ३१ तारखेला दुपारनंतर, टाइनमथहून ‘हेन्री व्हर्नन’ ही ४० फुटी मोटार लाइफबोट निघाली. सुकाणूवर स्मिथ आणि सोबत बर्टन. दिवे नसलेल्या किनाऱ्याने, वादळात, सुमारे ४५ मैल कापून ती मध्यरात्र उलटल्यावर व्हिटबीला पोहोचली. या अंतराचे मोल समजून घ्यावे: वल्ह्यांच्या नौकेला एवढ्या लांबच्या दुर्घटनेशी काही देणेघेणेच नसे, कारण माणसे पोहोचण्याआधीच संपली असती. १ नोव्हेंबरच्या पहाटे उजाडू लागताच ‘हेन्री व्हर्नन’ने जहाजाच्या वाऱ्याकडील बाजूला जाऊन समुद्रावर तेल सोडले. तेलाचा पातळ थर लाटांचे माथे फुटू देत नाही. समुद्र शांत होत नाही, पण काही मिनिटे त्याचे दात बोथट होतात. तेवढ्या मिनिटांत स्मिथ यांनी नौका वळवून जहाजाच्या आडोशाला आणली आणि राहिलेल्या ५० जणांना उतरवून घेतले. नांगर टाकून दोर सोडत मागे सरकण्याचा विधी त्यात नव्हता. इंजिनाच्या जोरावर नौका जागच्या जागी धरून ठेवली, आणि काम झाल्यावर वळून निघाली. जहाजावरच्या ८० हून अधिक माणसांचा जीव गेला, १४० हून अधिक वाचली. लँगलंड्स, स्मिथ आणि बर्टन या तिघांना संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. आणि व्हिटबीच्या दर्यावर्दींनाच आता मोटार हवीशी झाली. ती ‘मार्गारेट हार्कर-स्मिथ’ या नावाने १९१९ मध्ये आली. मध्ये युद्ध होते.

एवढे झाल्यावर शिडे उतरवली असतील असे वाटेल, पण तसे झाले नाही, आणि का झाले नाही हे फिशगार्डच्या ‘चार्टरहाउस’ने दाखवून दिले. ३ डिसेंबर १९२० च्या रात्री ‘हर्मिना’ हे डच शिडाचे जहाज कड्याखाली सापडले. जॉन हॉवेल्स यांच्या नौकेने सात जणांना उतरवून घेतले आणि निघताना नौकेत शिरलेल्या पाण्याने इंजिन बंद पडले. मागे कडा, वारा कड्याकडे, आणि जवळ इंजिन नाही. त्यांनी शिडे चढवली, त्यांच्या आधारे इंच इंच करत खडकांपासून दूर सरकले आणि सुटले. हॉवेल्स यांना सुवर्णपदक मिळाले, त्यांच्या साथीदारांनाही पदके मिळाली, आणि ज्या मेकॅनिकचे इंजिन बंद पडले होते तोही त्यांत होता. हे मला फार न्याय्य वाटते. पाण्याखाली इंजिन चालत नाही हा मेकॅनिकचा दोष नव्हता. तो आराखड्याचा होता.

त्या दोषाला उत्तर दोन अंगांनी दिले गेले. इंजिन असे घडवायचे, की इंजिनरूममध्ये पाणी भरले तरी ते काही काळ चालत राहील, हे एक. आणि एकाऐवजी दोन इंजिने बसवायची, हे दुसरे. वॉटसन यांच्यानंतर सल्लागार झालेले जेम्स बार्नेट यांनी आखलेली ६० फुटी ‘विल्यम अँड केट जॉन्स्टन’ १९२३ मध्ये लिव्हरपूलजवळ न्यू ब्रायटनला आली, तेव्हा तिच्यात ८० अश्वशक्तीची दोन इंजिने आणि दोन स्वतंत्र पंखे होते. एक बंद पडले, एका पंख्यात दोर अडकला, तरी दुसऱ्यावर परतता येईल, आणि दोन्ही उलटसुलट चालवून नौका जवळजवळ जागेवर फिरवता येईल. संस्थेच्या वाफेच्या लाइफबोटींचे पर्वही पुढे १९२८ मध्ये संपले. १९०४ च्या ९ अश्वशक्तीपासून या दोन इंजिनांपर्यंत यायला एकोणीस वर्षे लागली आणि त्यात चार महायुद्धाची गेली; मला तरी हा वेग मंद वाटत नाही.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत चिवट राहिली, आणि ती समुद्रावरची नव्हती. इंजिनाने नौका जड झाली, आणि बंदर नसलेल्या उघड्या वाळूवर ती ढकलायला पुरेसे घोडे आणि माणसे मिळेनात. १९२० मध्ये नॉरफोकमधील हन्स्टन्टन येथे पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर या कामासाठी तपासला गेला, आणि मग घोड्यांची सुटका झाली; जलरोधक ट्रॅक्टर बनवणे ही पुन्हा वेगळीच डोकेदुखी होती, कारण त्यालाही छातीभर पाण्यात जायचे होते. जेथे हे काही जमण्यासारखे नव्हते, तेथे वल्ह्यांची नौका टिकून राहिली. म्हणून ‘दुसऱ्या महायुद्धानंतरही वल्ह्यांची लाइफबोट कशी?’ या प्रश्नाचे उत्तर इंजिनात शोधू नये, ते वाळूत आणि नौकेच्या वजनात आहे. उथळ पाण्यात, खडकांच्या फटींत, जेथे जड मोटार लाइफबोट टेकली असती, तेथे हलकी नौकाच उपयोगी होती. संस्थेची अशी शेवटची वल्ह्यांची लाइफबोट, ‘रॉबर्ट अँड एलन रॉबसन’, १९५७ मध्ये निवृत्त झाली. तिचे केंद्र होते व्हिटबी.